हार्मोनच्या तपासणीला येण्याआधी: पाळीचा दिवस, सकाळची वेळ आणि दोघांनी येणं

नमस्कार.

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या लॅबमध्ये हार्मोनच्या तपासणीसाठी रोज कुणी ना कुणी येतं. बऱ्याचदा सासूबाई सुनेला घेऊन येतात. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली असतात आणि हातातल्या चिठ्ठीवर सात-आठ तपासण्यांची नावं. काउंटरवर आमचा पहिला प्रश्न ठरलेला: "आज पाळीचा कितवा दिवस?" सून खाली बघत बोटांवर मोजते, मग अंदाजाने सांगते, "पाचवा असेल." त्या अंदाजावर तुमचे पैसे आणि डॉक्टरांचा निर्णय दोन्ही अवलंबून असतात. म्हणून हे पत्रक घरी नेऊन निवांत वाचा.

दिवस कशाला लागतो?

हिमोग्लोबिन आज काढलं काय नि आठवड्याने काढलं काय, फारसा फरक पडत नाही. बाईच्या शरीरातली हार्मोन्स मात्र महिनाभर चढत-उतरत असतात. पाळी आली की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच सोडते, त्याने अंडाशयात बीज वाढू लागतं. वाढणारं बीज एस्ट्रॅडिऑल तयार करतं. ते पुरेसं चढलं की त्याच पिट्युटरीतला एलएच एकदम उसळतो आणि दीड दिवसाच्या आसपास बीज सुटतं. बीज सुटलेल्या जागी जो पिवळसर भाग उरतो, तो प्रोजेस्टेरॉन बनवतो. म्हणून महिन्याच्या मध्यावर एफएसएच १८-२० आला तर तो नैसर्गिक असू शकतो. तोच आकडा पाळीच्या दुसऱ्या दिवशी आला तर अंडाशयातली बीजं कमी होत चालली आहेत का, असा प्रश्न डॉक्टरांना पडतो.

एफएसएच, एलएच आणि एस्ट्रॅडिऑलसाठी पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी या. नीट रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. आदल्या दिवशीचे नुसते डाग मोजू नका.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो "एकविसाव्या दिवसाच्या" प्रोजेस्टेरॉनचा. बीज सुटलं की नाही हे बघायला ही तपासणी पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी करतात. ज्यांची पाळी २८ दिवसांनी येते, त्यांचाच तो एकविसावा दिवस. ३५ दिवसांनी येत असेल तर अठ्ठाविसावा. पस्तीस दिवसांच्या चक्रात एकविसाव्या दिवशी रक्त दिलं तर आकडा १ च्या खाली येऊ शकतो, आणि "बीजच तयार होत नाही" असं वाटून घरात रडारड होते. असा कागद घेऊन बसलेली मुलगी आम्ही आमच्याच बाकावर पाहिली आहे. पुढच्या महिन्यात योग्य दिवशी रक्त घेतलं, तेव्हा बीज व्यवस्थित सुटल्याचं दिसलं. तिचे मधले आठवडे मात्र काळजीत गेले.

एएमएच कुठल्याही दिवशी चालतो. त्यातून अंडाशयात बीजांचा साठा किती उरला याचा अंदाज येतो. बीजांचा दर्जा कळत नाही. कमी आलेला एएमएच म्हणजे मूल होणार नाही असा निकाल नाही, हे कृपया घरच्या मोठ्यांनाही सांगा.

गोळ्यांबद्दल लपवू नका

गौरी-गणपती, नवरात्र, घरातलं लग्न... पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे सर्रास घेतल्या जातात. त्या गोळ्यांमध्ये बहुतेक नॉरएथिस्टेरॉन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करणारं औषध, असतं. गोळी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी जो रक्तस्राव होतो, तो धरून दुसऱ्या दिवसाची तपासणी केली तर रिपोर्ट फसवा येऊ शकतो. तो महिना जाऊ द्या, पुढच्या आपोआप आलेल्या पाळीला या. कुणी रागावणार नाही, आम्हाला फक्त सांगा.

ॲसिडिटीच्या पुष्कळ कॅप्सुलांमध्ये डोम्पेरिडोन हे मळमळीवरचं औषध जोडलेलं असतं. त्याने प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावरचं दूध आणणारं हार्मोन, चांगलंच वाढतं. मानसिक आजाराच्या काही औषधांनीही वाढतं. अशी औषधं स्वतःहून थांबवू नका, पण पट्टी सोबत आणा आणि डॉक्टरांना विचारा. प्रोलॅक्टिनसाठी उठल्यावर दोन-तीन तासांनी या. जिना चढून धापा टाकत आलात तर वीस मिनिटं शांत बसवूनच आम्ही सुई लावतो.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर त्याही सांगा. बऱ्याच मशिन्सवर त्यामुळे थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच खोटा कमी दिसतो. साधारण दोन दिवस आधी बंद केल्या की पुरतं; डोस मोठा असेल तर आधी फोन करून विचारा.

आता पुरुषांसाठी

हे आम्ही मनापासून सांगतो: मूल होत नसेल तर तपासण्या सुरू करताना पहिल्याच आठवड्यात दोघांची तपासणी करा. पुष्कळ जोडप्यांत कारण पुरुषाकडे, निदान अंशतः तरी, असतंच. तरीही बाईच्या सोनोग्राफ्या, इंजेक्शनं, दुर्बीण असं सगळं उरकतं आणि नवऱ्याची साधी वीर्य तपासणी वर्षभराने होते. तिला सुई नाही, वेदना नाही, आणि ती स्वस्तही आहे.

त्याआधी दोन ते सात दिवस संबंध आणि हस्तमैथुन टाळा. लॅबमध्ये वेगळी खोली आहे, आतून कडी आहे, कुणी दार ठोठावत नाही. घरूनच आणायचं असेल तर आम्ही दिलेल्याच डबीत आणा. साधा कंडोम, तेल, क्रीम काहीही नको. तासाभरात पोचवा आणि डबी अंगाजवळ, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा. मे महिन्यात एक गृहस्थ मांजलपूरहून स्कूटरच्या डिकीत डबी घेऊन आले होते. डबी हाताला गरम लागत होती. ते सँपल आम्ही तपासलं नाही, चार दिवसांनी पुन्हा बोलावलं. थोडं सांडलं असेल तर तेही सांगा, विशेषतः सुरुवातीचा भाग. शुक्राणू त्यातच सर्वात जास्त असतात.

रिपोर्टवर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या खालच्या हद्दी छापलेल्या असतात: दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, हालचाल करणारे ४२ टक्के, नेटक्या आकाराचे ४ टक्के. चार टक्के वाचून घाबरू नका, तेवढे पुरतात. आकडा कमी आला तर एका रिपोर्टवर थांबू नका. शुक्राणू तयार व्हायला जवळजवळ अडीच महिने लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीच्या डेंग्यूच्या तापाचा परिणाम आजच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो.

टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तपासायचं ते सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी. नवरात्रात रात्री उशिरापर्यंत गरबा खेळून, तीन तास झोपून येऊ नका. झोप अपुरी असली की हा आकडा खाली येतो. कमी आला तर दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा बघायचा असतो.

जिममधल्या मुलांसाठी एक कळकळीची गोष्ट. बाहेरून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली की मेंदू आपले हुकूम बंद करतो आणि शुक्राणूंची संख्या शून्यावरही जाऊ शकते. ती परत यायला अनेक महिने लागतात. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

येताना

डॉक्टरांची चिठ्ठी, चालू औषधांच्या पट्ट्या आणि मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा आणा. कालनिर्णयवर खूण केली असेल तर पानाचा फोटो चालेल. रिपोर्ट ज्याचा त्यालाच देतो, सासूबाईंना किंवा भावाला हवा असेल तर आधी तुमची परवानगी घेतो. सँपल सकाळी साडेसहापासून घेतो.