पुरानंतरची बुरशी आणि गणपतीआधीचा रंग

पाणी ओसरून गाळ उपसून होतो न होतो तोच दुकानात एक प्रश्न येतो: "गणपतीच्या आत भिंती होतील ना?" मुंबईहून येणाऱ्या फोनवर तर हाच प्रश्न पहिला. दर वेळी तेच समजावण्यापेक्षा छापून हातात दिलेलं बरं, म्हणून हे पत्रक.

उत्तर आधीच सांगतो. तळमजल्यावर पाणी चढलं असेल तर त्या गणपतीला पुट्टी आणि प्लास्टिक रंग आम्ही करत नाही. दुसरा कोणी करून देईल, त्याला आमची ना नाही. पण नंतर तीच भिंत आमच्याकडे आली, तर आधीचा रंग आणि पुट्टी खरवडण्याची मजुरी वेगळी लागते आणि त्यात आमचे दिवस जातात. सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम तेच. ओली पुट्टी खरवडायच्या पत्र्याला चिकटत राहते, धड सुटत नाही, आणि तिच्या पाठीमागे काळी-हिरवी बुरशी पसरलेली असते.

चिपळूणचाच हिशोब मांडा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं आणि शिवनदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. गणेश चतुर्थी होती १० सप्टेंबरला. मधे ५० दिवस, तेही भर पावसाळ्याचे. आपल्याकडची जुनी घरं जांभ्याच्या चिऱ्याची. चिरा भोकाभोकांचा असतो, पाणी पोटात ओढून घेतो. पाणी कमरेपर्यंत आलं होतं असं तुम्ही सांगता, पण भिंतीत ओल त्या खुणेच्याही वर फूट-दीड फूट चढलेली असते. बांधकामातला ढोबळ हिशोब आहे, जाडीच्या एका इंचाला एक महिना. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असली तरी चार-पाच महिने धरा. एका बाजूला शेजाऱ्याची भिंत चिकटलेली असेल तर त्याहून जास्त. बाहेरच्या हवेतच पाणी भरलेलं असताना भिंत कुठे वाळणार? खरी वाळायला सुरुवात होते ती ऑक्टोबरच्या उन्हात.

अशा भिंतीवर प्लास्टिक रंग लावला की आतल्या ओलीला बाहेर यायला वाट उरत नाही. मग फुगे येतात, पोपडे सुटतात, नाहीतर ओल आणखी वर सरकते आणि आजवर कोरड्या असलेल्या जागी डाग उमटतो. "मग वॉटरप्रूफ रंग मारा की" असं बरेच जण म्हणतात. पाणी बाहेरून येत असेल तर तो बाहेरच्या अंगाला मारायचा. आत शिरून बसलेल्या पाण्यावर आतून तो मारणं म्हणजे भिजलेला टॉवेल पिशवीत बांधून कपाटात ठेवणं.

भिंत वाळली की नाही हे हात लावून कळत नाही. वरचा थर लवकर सुकतो. फूटभर लांब-रुंद, जाडसर पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर ठेवा, चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि एक दिवस तसंच राहू द्या. आतून थेंब जमले किंवा भिंत तिथे काळपट दिसली तर अजून थांबा. आम्ही येतो तेव्हा ओल मोजायचं मीटर लावतो, पण नुसत्या आकड्यावर जात नाही. तुमच्याच घरातली वरच्या मजल्यावरची, पाणी न लागलेली भिंत आधी मोजतो. खालचा आकडा त्याच्या जवळपास आला की काम सुरू.

आता बुरशी कुठली आणि लोणा कुठला, तेही बघून घ्या. भिंतीवर पांढरी कापसासारखी पूड दिसली की लोक घाबरून बुरशीचं औषध आणतात. थोडं पाणी शिंपडा. विरघळून दिसेनासं झालं तर तो लोणा, म्हणजे भिंतीतले क्षार. सुका असताना ब्रशने झाडून गोळा करा, पाण्याने धुतलात तर परत भिंतीत जाईल. बुरशी विरघळत नाही, तिला कुबट वास असतो आणि ती बहुतेक कपाटामागे, कोपऱ्यात, गादीखाली, जिथे हवा फिरत नाही तिथे धरते.

बुरशीला वेळ फार लागत नाही. ओल्या वस्तूवर २४ ते ४८ तासांत ती धरू शकते. म्हणून पाणी गेल्यावर आमची वाट बघत बसू नका. गाळ ओला आहे तोवरच स्वच्छ पाण्याने भिंती धुऊन काढा. वाळला की निघत नाही. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. भिजलेल्या कापसाच्या गाद्या, उशा काढून टाका, जीव तुटतो तरी. सागवान किंवा फणसाचं लाकूड धुऊन सावलीत वाळवलं तर वाचतं. प्लायवूडचं कपाट फुगलं की संपलं. पुढून सनमायका चकचकीत दिसला तरी पाठ फिरवून बघा. स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीच्या, फरशीमागे ओल सर्वात जास्त दिवस टिकते, म्हणून आम्ही स्कर्टिंग काढायला सांगतो. फरशी विकायचा डाव आहे असं काहींना वाटतं. फरशी आम्ही विकत नाही. आणि विजेचं मेन स्विच वायरमनने तपासल्याशिवाय चालू करू नका, भिंतीतल्या पाइपांत पाणी साठलेलं असतं.

फरशी, काच, स्टीलवरची बुरशी साबणाच्या पाण्याने पुसून जाते. भिंतीवरची मात्र सुकी असताना झाडू नका, घासू नका, तिच्यावर पंखाही सोडू नका. कण घरभर उडतात. ओल्या फडक्याने टिपा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. घरात दम्याचा माणूस किंवा तान्हं मूल असेल तर त्यांना दुसरीकडे ठेवा. औषध मारून बुरशी मेली तरी तिचा त्रास संपत नाही, ती काढूनच टाकावी लागते. म्हणून आम्ही भिजलेली पुट्टी आणि भुसभुशीत गिलावा ओलीच्या खुणेच्या वरपर्यंत काढतो.

पुरानंतर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर घरोघरी मिळते. ती फरशीला आणि अंगणाला ठीक. भिंतीला फासू नका. तिच्यातले काही क्षार हवेतला ओलावा ओढतात, आणि भिंतीच्या आतल्या बुरशीपर्यंत ती पोचतही नाही. ती संडासाच्या ॲसिडमध्ये तर कधीच मिसळू नका, विषारी वायू सुटतो. तसंच बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून भिंत वाळवायची आपल्याकडे जुनी सवय आहे. कोळशाच्या न दिसणाऱ्या विषारी वायूने माणूस झोपेतच जातो. करू नका.

मग गणपतीला काय? चुना. काळं-हिरवं खरवडून, धुऊन, वरून चुन्याचे दोन हात. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, आणि तो तीव्र अल्कली असल्याने ताज्या चुन्यावर बुरशी सहज धरत नाही. मखरामागे पांढरी स्वच्छ भिंत दिसते, खर्च रंगाच्या मानाने फारच कमी. एवढंच सांगून ठेवतो की पुढे प्लास्टिक रंग लावताना हा चुना खरवडावा लागतो, नाहीतर रंग धरत नाही. ती मजुरी आमच्या अंदाजपत्रकात आधीच लिहिलेली असते.

हवेतलं पाणी ओढणारं मशिन आम्ही दिवसाच्या भाड्याने देतो. ते चालू असताना खिडक्या बंद हव्यात. अर्धे लोक मशिन लावतात आणि "हवा खेळू दे" म्हणून खिडकीही उघडतात. मग ते अख्ख्या चिपळूणची हवा वाळवत बसतं आणि बिल तुम्हाला येतं. उघडीप असेल तेव्हा मशिन बंद, दारं-खिडक्या सताड उघड्या. पाऊस लागला की उलटं.

रंगाचं काम लांबवून आमचा फायदा होत नाही. सणाच्या तोंडावर आमचेच कारागीर बसून असतात. पण वाळलेल्या भिंतीवर केलेल्या कामाची आम्ही लेखी हमी देतो, ओल्यावर कोणीच देऊ शकत नाही. दिवाळीनंतरच्या तारखांची नोंद गणपतीतच सुरू होते आणि भराभर भरते. नोंदवताना पाण्याची खूण दिसेल असा भिंतीचा फोटो आणा, आणि भिंत चिऱ्याची की विटेची ते सांगा. खरवडलेला गिलावा कोण उचलणार, आम्ही की तुम्ही, हेही तेव्हाच ठरवू; गेल्या खेपेस त्यावरूनच सगळ्यात जास्त वाद झाले.