फलन-यंत्र (गणित अध्यापन)

मुलांना फलन (फंक्शन) आणि साधी सूत्रे शिकवण्यासाठी वापरले जाणारे कोडे. यंत्रात एक संख्या घालायची, दुसरी बाहेर येते, आणि आत काय घडले ते मुलाने ओळखायचे. अट एकच : तीच संख्या पुन्हा घातली तर उत्तरही तेच आले पाहिजे. फलनाची व्याख्या एवढ्यात आली. कंसात चल (बदलती संख्या) लिहून फलन दाखवण्याची f(x) ही खूण गणितज्ञ ऑयलरने १७३४ मध्ये वापरली. ती मुलांना आठवी-नववीनंतर भेटली तरी काही बिघडत नाही.

कोल्हापूरच्या परिसरात यंत्राची कल्पना द्यायला गुऱ्हाळ हाताशी असते. चरकात ऊस घातला की रस, रस काहिलीत आटवला की गूळ. शंभर किलो उसाला साधारण दहा-बारा किलो. दाखला मात्र फार ताणू नये. गुळाचा उतारा उसाच्या जातीवर, हंगामावर आणि गुळव्याच्या हातावरही ठरतो. गणितातल्या यंत्राला असले नखरे चालत नाहीत. त्यापेक्षा रिक्षाचा मीटर बरा : सुरुवातीचे ठरलेले भाडे, पुढे दर किलोमीटरला ठरावीक वाढ.

वर्गात एक मूल यंत्र होते आणि नियम चिठ्ठीवर लिहून मुठीत धरते. ३ घातले, ७ आले. लगेच कुणीतरी ओरडतो, ‘चार मिळवा!’ ५ घातले, ११ आले, ‘चार मिळवा’ हा अंदाज पडला. मग एखादी ० घालून बघते. १ येतो, आणि नियमात शेवटी मिळवलेली संख्या उघडी पडते. पाठोपाठच्या संख्या घातल्या तर उत्तर दर वेळी दोनने वाढते, म्हणजे दुप्पट. नियम : दुप्पट अधिक एक. ‘ती संख्या आणि तिच्या पुढची, दोन्हींची बेरीज’ असे दुसऱ्या कुणी सांगितले तर तेही बरोबरच, आणि दोन्ही एकच कसे हा वाद मिटवताना बीजगणित सुरू होते. हा वाद शिक्षकाने घाईने मिटवू नये.

काड्यापेटीतल्या काड्यांचे एकाला एक चिकटून चौकोन मांडले तर ४, ७, १०, १३ काड्या लागतात. पहिली काडी उभी, मग प्रत्येक चौकोनाला तीन. म्हणून चौकोनांची तिप्पट अधिक एक. इथे सूत्र पाठ करावे लागत नाही, ते मांडलेले दिसते.

यंत्र उलटे चालवणे ही पुढची पायरी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) त्यासाठी व्यस्तविधी आहे : शेवटाकडून मागे यायचे, भागाकाराच्या जागी गुणाकार आणि बेरजेच्या जागी वजाबाकी करायची. ‘मनात एक संख्या धर, दुप्पट कर, दहा मिळव, निम्मी कर, धरलेली वजा कर, पाच उरले ना?’ या घरोघरच्या खेळाचे गुपितही सूत्र लिहिल्यावरच कळते.

संगणकावर हेच काम स्प्रेडशीट करते. एका चौकटीत संख्या, शेजारच्या चौकटीत सूत्र. संख्या बदलली की उत्तर आपोआप बदलते. सोय मोठी, पण नियम मुठीत लपवण्याची मजा तिथे थोडी कमीच.

कोड्यात एक खोच आहे. १ ला २ आणि २ ला ४ आले की सगळे ‘दुप्पट’ म्हणतात. चिठ्ठीवर मात्र ‘संख्येचा वर्ग, त्यातून ती संख्या वजा, अधिक दोन’ असेही असू शकते. मग ३ ला ६ ऐवजी ८ येतात, आणि वर्गात गलका होतो.