हिरवा हापसा, लाल हापसा

'बोअरचं पाणी आहे, त्याला काय धाड भरलीय?' जमिनीच्या पोटातून आलेलं, थंडगार, काचेसारखं नितळ पाणी वाईट कसं असेल, हा त्यामागचा साधा हिशोब. बांगलादेशानं हाच हिशोब देशाचं धोरण म्हणून राबवला आणि कोट्यवधी माणसांच्या पोटात रोज थोडाथोडा सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, जाऊ लागला.

अन्न, आरोग्य, पर्यावरण हेसुद्धा सुरक्षेचेच प्रश्न आहेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालानं १९९४ साली ठासून मांडलं. त्यामागचं डोकं होतं पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांचं. त्याच्या आदल्या वर्षी, १९९३ मध्ये, बांगलादेशच्या चापाई नवाबगंज जिल्ह्यात हापशांच्या पाण्यात आर्सेनिक सापडलं होतं. अशा बिनलष्करी धोक्यांसाठीचा 'अपारंपरिक सुरक्षा' हा जड शब्द हल्ली कशालाही चिकटवतात. या प्रकरणाला मात्र तो शोभतो, कारण इथे हल्ला करणारा कोणी नाही आणि बाधितांची संख्या एखाद्या युद्धाला लाजवेल अशी आहे.

गोष्ट सुरू झाली चांगल्या हेतूनं. तळ्या-डबक्यांचं पाणी पिऊन कॉलरा, हगवण होत होती, मुलं मरत होती. १९७० च्या दशकापासून युनिसेफ आणि सरकारी खात्यानं हापशांचा धडाका लावला. पुढे लोकांनी स्वतःच्या पैशानं अंगणात हापसे बसवले आणि आकडा लाखांच्या घरात गेला. बसवायला सोपं: बांबूचा मांडव, दीड इंची पाइप, शेणमिश्रित पाण्यानं भरलेला खड्डा. खालचे गडी दांड्यानं पाइप उचलून आपटतात. वर बसलेला मिस्त्री पाइपच्या तोंडावर तळहात ठेवतो आणि उचलतो. त्याचा तळहात म्हणजेच व्हॉल्व्ह. प्रत्येक ठोक्याला पाइपातून चिखल उसळतो आणि पाइप खाली सरकतो. गाळाची जमीन असल्यानं दिवसभरात पाणी लागतं. बहुतेक हापसे १५० मीटरपेक्षा बरेच उथळ. पाण्यात जंतू आहेत का, हे बघितलं जाई. आर्सेनिक बघायचं कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

सीमेपलीकडे पश्चिम बंगालमध्ये मात्र कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी १९८३ सालीच तळहातांवर चामखिळीसारख्या गाठी आणि छातीवर पावसाच्या थेंबांसारखे डाग असलेले रुग्ण ओळखले होते. बांगलादेशची पूर्ण पाहणी व्हायला सहस्रक संपत आलं. ६४ पैकी ६१ जिल्ह्यांत ३,५३४ हापशांचं पाणी तपासलं, तेव्हा उथळ हापशांपैकी २७ टक्क्यांत आर्सेनिक लिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या वर निघालं. ही त्या देशाची मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा १० धरली, तर ४६ टक्के हापसे नापास.

५० मायक्रोग्रॅम म्हणजे किती? दहा हजार लिटरचे दोन टँकर भरा आणि दोन्हींत मिळून एक ग्रॅम आर्सेनिक टाका. इतकं थोडं असल्यामुळे चव नाही, वास नाही, रंग नाही. पण २०० मायक्रोग्रॅमचं पाणी दिवसाला तीन लिटर प्यायलं, तर वर्षाला २१९ मिलिग्रॅम आर्सेनिक पोटात जातं, एका दमात घेतलं तर माणूस मरेल एवढं. हप्त्याहप्त्यानं घेतल्यामुळे शरीर बरंचसं लघवीवाटे काढून टाकतं, आणि उरलेलं दहा-पंधरा वर्षांनी त्वचेवर, फुप्फुसांत, मूत्राशयात, हृदयात उगवतं.

आता मुद्द्याचं. हे आर्सेनिक आलं कुठून? उत्तर हिमालयातून, पण एवढ्यानं काहीच कळत नाही. बंगालच्या गाळात आर्सेनिक काही विशेष जास्त नाही. किलोभर गाळात फार तर काही मिलिग्रॅम, जगातल्या कुठल्याही साध्या मातीइतकंच. तरी पाण्यात इतकं का उतरतं? कारण ते ज्याला चिकटून बसलेलं असतं, तेच विरघळून जातं. ते म्हणजे गंज.

हिमालयातले खडक झिजतात, त्यांतली लोहखनिजं हवेशी संयोग पावून गंजतात आणि वाळूच्या प्रत्येक कणावर गंजाचा पातळ तपकिरी लेप चढतो. उघड्या हवेत आर्सेनिक 'आर्सेनेट' या रूपात असतं आणि त्यावर ऋण भार असतो. साध्या पाण्यात गंजाच्या पृष्ठभागावर धन भार असतो. मग काय, आर्सेनेट गंजाला घट्ट चिकटतं आणि गंगा-ब्रह्मपुत्रेबरोबर वाहत मुखापर्यंत येतं. गेल्या दहा-बारा हजार वर्षांत समुद्र वर चढला, तशी इथे दलदल माजली. गाळाबरोबर पाला, मुळं, शेवाळ असं सगळं गाडलं गेलं.

गाडलेल्या पाल्यावर जिवाणू जगतात. आपण खाल्लेल्या अन्नातले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनकडे सोपवतो. श्वास घेतो तो याचसाठी. जमिनीखाली ऑक्सिजन लवकर संपतो. मग जिवाणू नायट्रेटला पकडतात, ते संपलं की मँगनीजच्या ऑक्साइडला, आणि तेही संपलं की गंजाला. गंजातलं लोह तीन धन भारांचं असतं. एक इलेक्ट्रॉन मिळाला की ते दोन भारांचं होतं, आणि हे दोनवालं लोह पाण्यात सहज विरघळतं. पाल्यातला एक कार्बन अणू चार इलेक्ट्रॉन सोडतो, लोहाचा अणू एकच घेतो. म्हणजे एक कार्बन जाळायला लोहाचे चार अणू लागतात. थोड्या पाल्यावर पुष्कळ गंज फस्त होतो तो असा. लेप गेला की त्याला धरून बसलेलं आर्सेनिक पाण्यात मोकळं. वर तेही इलेक्ट्रॉन घेऊन 'आर्सेनाइट' बनतं, ज्यावर साध्या पाण्यात भारच नसतो, त्यामुळे ते सहजासहजी कशालाच चिकटत नाही. सोमल पाण्यात विरघळला की जे ॲसिड तयार होतं, ते हेच.

१९९८ च्या सुमारास ही उपपत्ती पुढे आली तेव्हा दुसरी एक जोरात होती: पंपांनी पाण्याची पातळी खाली गेली, हवा आत शिरली, पायराइट नावाचं गंधकयुक्त खनिज ऑक्सिडाइझ झालं आणि त्यातलं आर्सेनिक सुटलं. भारतानं गंगेवर बांधलेल्या फराक्का धरणाकडे बोट दाखवायला ही उपपत्ती सोयीची होती, त्यामुळे रसायनशास्त्र थेट भारत-बांगलादेश पाणीवादात ओढलं गेलं. निकाल पाण्यानंच दिला. पायराइट ऑक्सिडाइझ झालं असतं तर पाण्यात सल्फेट भरपूर हवं होतं. आर्सेनिकवाल्या हापशांत ते नगण्य असतं. असतं ते विरघळलेलं लोह आणि बायकार्बोनेट. म्हणजे पाला कुजल्याची आणि गंज खाल्ल्याची सही.

याच रसायनाची खूण मिस्त्रीच्या तळहाताखालून उसळणाऱ्या चिखलात दिसते. करडी किंवा काळपट वाळू म्हणजे लेप खाल्ला गेलाय; इथे पाणी आत घेणारी जाळी बसवली तर धोका. नारिंगी-तांबूस वाळू म्हणजे गंज शाबूत आहे, आर्सेनिक अजून त्याच्या मुठीत आहे. ही तांबडी वाळू सहसा जुनी असते. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता, तेव्हा ती उघडी पडून धुऊन निघालेली असते. वाळूचा रंग ही नुसती खूण आहे, तपासणीला पर्याय नाही. तरीही पाइप अजून वीस-तीस फूट खाली न्यायचा की नाही, हे ठरवायला ती पुष्कळ उपयोगी पडते.

आपल्या दख्खनच्या बेसाल्टात असा तरुण, पालापाचोळ्यानं भरलेला गाळ नाही, म्हणून हा विशिष्ट प्रकार इथे नाही. गडचिरोलीला लागून छत्तीसगडमधल्या कौडीकसा परिसरात पाण्यात आर्सेनिक सापडतं, पण तिथलं मूळ जुन्या कठीण खडकांत आहे. यवतमाळ-चंद्रपूरकडचा फ्लोराइडचा प्रश्न तर आणखी निराळा.

तपासणी तशी स्वस्त आहे. बाटलीत ५० किंवा १०० मिलिलिटर पाणी घ्यायचं (किट सांगेल तेवढंच), त्यात चिंचेतलं टार्टारिक किंवा सल्फॅमिक ॲसिडची पूड टाकायची, मग जस्ताची पूड. लगेच मर्क्युरिक ब्रोमाइडची पट्टी अडकवलेलं झाकण घट्ट लावायचं. जस्त आणि ॲसिडमधून हायड्रोजन निघतो, आर्सेनिकला घेऊन त्याचा आर्सिन वायू होतो आणि पट्टी पिवळी ते तपकिरी होते. किटप्रमाणे १० ते २० मिनिटं थांबून रंग तक्त्याशी ताडायचा. चुका ठरलेल्या असतात. झाकण सैल राहिलं की वायू निसटतो आणि विषारी हापसा पास होतो. घाईनं पट्टी काढली तरी तेच. पाण्यात सडक्या अंड्याचा वास असेल तर हायड्रोजन सल्फाइडही पट्टी रंगवतो, म्हणून आधी त्याचा बंदोबस्त करावा लागतो. पट्टी पाण्यानं ओली झाली तर ती चाचणी रद्द. आर्सिन स्वतः जहरी आहे, म्हणून हे काम उघड्यावर करायचं, खोलीत नाही.

२००० नंतरच्या मोहिमेत असे सुमारे ५० लाख हापसे तपासले गेले. ५० च्या आतले हिरवे रंगवले, वरचे लाल. लाल निघाले जवळपास १४ लाख. गंमत अशी, की लाल हापशापासून पन्नास पावलांवर हिरवा असू शकतो, कारण जमिनीखालचा गाळ जुन्या नदीच्या वळणांप्रमाणे तुकड्यातुकड्यांनी बदलतो. म्हणून सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे शेजारच्या हिरव्या हापशावरून पाणी आणणं. तो कामही करतो, शेजाऱ्याशी बोलणं असेल तर. पण रंग चार-पाच पावसाळ्यांत उडतो, आणि नंतर बसलेल्या हापशांना कोणताच रंग नाही.

घरगुती उपायांबद्दल स्पष्टच बोलायला हवं. पाणी उकळून आर्सेनिक जात नाही. पाणी आटतं, विष तेवढंच राहतं. तांब्याचा हंडा, तुळस, 'अल्कलाइन' पाणी, यांचा इथे काडीचा उपयोग नाही. तुरटी आर्सेनेटला थोडीफार पकडते, आर्सेनाइटला जवळजवळ नाहीच. आणि तळहातावर गाठी आलेली बाई शापित किंवा संसर्गजन्य नसते. तिच्या हातचं पाणी न पिणारे लोक त्याच हापशाचं पाणी पीत होते. अशा कित्येक जणींना माहेरी धाडलं गेलं.

खरा उपाय गंजाचाच. रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम यांच्या 'सोनो' गाळणीत दोन बादल्या एकावर एक असतात: वरच्या बादलीत जाड वाळू आणि खास प्रक्रिया केलेले लोखंडाचे कण, खालच्या बादलीत वाळू, कोळसा, विटांचे तुकडे. लोखंड गंजत राहतं, आर्सेनाइटचं आर्सेनेट होतं आणि ताज्या गंजाला चिकटतं. निसर्गानं जमिनीखाली सोडलेलं बादलीत परत धरायचं. बिघडतं तेही गंजामुळेच: वाळू तुंबते, धार बारीक होते आणि घरचे वैतागून गाळणी कोपऱ्यात ठेवतात. पाण्यात फॉस्फेट जास्त असेल तर तेही गंजावरची जागा बळकावतं.

१५० मीटरच्या खालचं पाणी बहुतेक ठिकाणी चांगलं आहे. पाहणीत खोल विहिरींपैकी जेमतेम एक टक्का ५० च्या वर गेल्या. पण त्या महाग, म्हणून सरकारी, आणि सरकारी विहीर कुणाच्या दारात बसायची हे बऱ्याचदा खासदाराच्या शिफारशीवर ठरतं, असं ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेनं २०१६ मध्ये लिहिलं. या खोल पाण्यावर हातपंपानं पिण्यापुरता भार टाकला तर ते टिकतं. शेतीच्या मोठ्या पंपांनी किंवा ढाक्यासारख्या शहरानं ते उपसलं, की खालचा दाब घटतो आणि वरच्या करड्या थरातलं पाणी हळूहळू खाली ओढलं जातं.