हरित रोजगाराचं शिक्षण (नाशिक)

सोलर, ई-वाहनं, ठिबक, कचऱ्यापासून गॅस असल्या कामांसाठी माणसं तयार करणं आणि जुन्या धंद्यातल्यांना तिकडे वळवणं, असा या विषयाचा आवाका.

सुरुवात कधीची धरायची यावर एकमत नाही. काहीजण थेट १९३७ च्या वर्धा परिषदेपर्यंत, म्हणजे गांधीजींच्या नई तालीम या शिक्षण योजनेपर्यंत मागे जातात, पण तिथे भर हाताच्या कामावर होता, पर्यावरण त्यात नंतरच्यांनी वाचलेलं दिसतं. दुसरे १९७७ ची पर्यावरण शिक्षणावरची तिबिलिसी परिषद धरतात. आपल्याकडे एम. सी. मेहता खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय सक्तीचा करायला सांगितलं, २००३ ला परत कान पिळले तेव्हा कुठे कॉलेजात पेपर आला, आणि तो पेपर पोरं कशी काढतात ते सगळ्यांना माहितीये. पोटापाण्याशी सांधा जुळला तो साधारण २०१५ च्या सुमारास, ग्रीन जॉब्सची स्किल कौन्सिल आणि सोलर पॅनल बसवणाऱ्यांचा ‘सूर्यमित्र’ कोर्स आल्यावर. तीच तारीख धरलेली बरी.

सूर्यमित्र ६०० तासांचा. आयटीआय केलेल्या इलेक्ट्रिशियनला वेगळं काय शिकवायचं, असं विचारलं जातं, तर मुख्य फरक डीसीचा, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटचा. घरातला एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून स्विच पाडताना उडालेली ठिणगी आपोआप विझते, पॅनलकडून येणारा डीसी शून्यावर येतच नाही, त्यामुळे तिथे साधा एसीचा एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) बसवला की आतल्या आत आर्क, म्हणजे न विझणारी ठिणगी, धरून डबी वितळू शकते. बाकी नाशिक २० अंश अक्षांशावर, म्हणून पॅनल दक्षिणेकडे तोंड करून साधारण तेवढ्याच उताराने, हे कुणीही फिटर दोन दिवसात शिकतो.

नाशिकला पाया आयता आहे. सातपूर-अंबडला स्विचगिअरचे, म्हणजे वीज जोडण्या-तोडण्याच्या उपकरणांचे कारखाने, सातपूरलाच आयटीआय, आणि १९८९ पासूनचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, जिथे काम न सोडता शिकता येतं. द्राक्षवाल्यांना ठिबक कुणी शिकवायची गरज उरलेली नाही. खरा प्रश्न एकलहऱ्याच्या वीज केंद्राचा: २१० मेगावॅटचे तीन कोळशाचे संच, त्यावरचे ऑपरेटर, वेल्डर आणि कंत्राटी कामगार. त्यातल्या वेल्डर-फिटरचं कसब सोलर पॅनलचं स्ट्रक्चर उभारायला लगेच चालतं, बॉयलरवाल्याचं तसं चालत नाही, त्याला नव्याने शिकावं लागतं आणि तेही पगार चालू असतानाच.