जेली बेली ब्रोच

जेली बेली ब्रोच : पोटाच्या जागी पारदर्शक ॲक्रिलिक प्लॅस्टिकचा घुमटाकार तुकडा बसवलेला, प्राण्याच्या किंवा पक्ष्याच्या आकाराचा इमिटेशन दागिना. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो रूढ झाला. कोंबडा, पेंग्विन, बगळा, मासा, बेडूक हे आकार विशेष आढळतात. ट्रायफारी या अमेरिकी दागिने-कंपनीचे अभिकल्पक आल्फ्रेड फिलिप यांच्या रचना सर्वांत प्रसिद्ध असल्या, तरी कोरो या कंपनीनेही असे ब्रोच काढले. रुंद खांद्यांच्या कोटावर असा एकच ठसठशीत ब्रोच पुरे होई.

विमानांच्या काचांसाठी बनवलेले, पण सदोष ठरलेले ल्युसाइट (ॲक्रिलिकचे व्यापारी नाव) ट्रायफारीने स्वस्तात उचलले, ही हकिकत संग्राहकांत वारंवार सांगितली जाते. ती अशक्य नाही. मात्र ड्यू पॉन्ट या रसायन-कंपनीचे हे ॲक्रिलिक १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच बाजारात होते. त्यामुळे सारा प्रकार रद्द मालातूनच जन्मला, असे मानण्याचे कारण नाही.

कालनिश्चितीसाठी धातू अधिक भरवशाचा. युद्धापूर्वीचे ओतकाम बहुधा कथिल-शिशाच्या मिश्रधातूचे असे. १९४२ च्या सुमारास कथिलावर निर्बंध आल्यावर उत्पादक ९२.५ टक्के शुद्धतेच्या, म्हणजे स्टर्लिंग, चांदीकडे वळले व तिच्यावर सोन्याचा मुलामा देऊ लागले. म्हणून ‘स्टर्लिंग’ ठसा असलेले बहुतेक ट्रायफारी नग साधारणतः १९४२–४७ मधले धरतात. ठशाशेजारी © असल्यास नग सहसा १९५५ नंतरचा; त्या वर्षी न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ट्रायफारीच्या खटल्यात अशा दागिन्यांना कॉपीराइटचे संरक्षण मान्य केले.

नुसत्या ठशावर विसंबणे धोक्याचे. मूळ नगावरून साचा काढला की ठसाही त्यात उतरतो. पण धातू थंड होताना आकसत असल्याने नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते आणि पिसांच्या, खवल्यांच्या रेषा बोथट दिसतात. खात्रीच्या नगाशी कॅलिपरने मोजून ताडावे. प्लॅस्टिक ओळखण्यासाठी तापलेल्या सुईची चाचणी करू नये. पोटावर कायमचा डाग राहतो.

ॲसिटोनने ॲक्रिलिक विरघळते, स्पिरिटने त्यावर बारीक तडे जातात. खड्यांमागच्या वर्खापर्यंत पाणी पोचले की वर्ख काळा पडून खडा निस्तेज होतो; म्हणून नग न बुडवता कोरड्या मऊ ब्रशने पुसावा. चांदी उजळायच्या द्रावणानेही हेच होते, शिवाय पातळ मुलामा विटतो. तुटलेली पिन डाख देऊन जोडायची तर पोट आधी काढावे लागते : ॲक्रिलिक १००° से.च्या आसपास मऊ पडते आणि चांदीच्या डाखाला त्याच्या कितीतरी पट उष्णता लागते.