साउथ बोस्टनची परेड : रस्ता शहराचा, मिरवणूक कोणाची?

अमेरिकेतल्या बोस्टन शहराची एक वस्ती असलेल्या साउथ बोस्टनच्या सेंट पॅट्रिक्स डे (आयरिश लोकांच्या संताचा दिवस, १७ मार्च) परेडबद्दल दरवर्षी मार्चमध्ये दोनच गोष्टी बातम्यांत येतात : गर्दी किती झाली आणि किती जणांना दारू पिऊन धिंगाणा घातला म्हणून पकडले. बोस्टनला शिकायला गेलेली आपली मुलेही हिरवे टी-शर्ट घालून रेड लाइन मेट्रोने ब्रॉडवे स्थानकावर उतरतात, बॅगपाइपवाल्यांचे व्हिडिओ काढतात आणि संध्याकाळी परततात. पण या मिरवणुकीवरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला होता, आणि त्याचे मूळ १९४७ च्या एका निर्णयात आहे. ते समजले नाही, तर आजची भांडणेही नीट समजत नाहीत.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात. १७ मार्च ही तारीख बोस्टनमध्ये दुहेरी आहे. १७७६ च्या मार्चमध्ये वसाहतींच्या सैन्याने रातोरात डॉर्चेस्टर हाइट्स या टेकडीवर मोर्चेबंदी करून तोफा चढवल्या, आणि १७ तारखेला ब्रिटिश फौज जहाजांत बसून शहर सोडून गेली. ती टेकडी आज साउथ बोस्टनमध्येच आहे. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळानंतर आयरिश लोक हजारोंनी या शहरात आले, आणि ब्रिटिश निघून गेल्याचा दिवस व आपल्या संताचा दिवस एकच, हा योगायोग त्यांनी उत्साहाने उचलून धरला. १९०१ पासून मिरवणूक साउथ बोस्टनमध्ये निघू लागली. १९४१ मध्ये हा दिवस सफोक काउंटीत, म्हणजे बोस्टन ज्या जिल्ह्यात येते तिथे, कायदेशीर सुट्टीचा ठरला. त्या कायद्यावर राज्यपालांनी काळ्या आणि हिरव्या अशा दोन्ही शाईंनी सही केली, असे सांगतात. कागदावर सुट्टी ब्रिटिशांच्या माघारीची असली, तरी ती कोणासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक होते.

१९४७ पर्यंत परेड शहराच्या नावाने निघत असे. त्या वर्षी महापौरांनी तिच्या आयोजनाचा अधिकार वस्तीतल्या माजी सैनिकांच्या परिषदेला देऊन टाकला. महायुद्ध नुकतेच संपले होते, गल्लीगल्लीत परतलेले सैनिक होते, त्यामुळे कोणाला यात वावगे वाटले नाही. तेव्हापासून परिषद दरवर्षी परवान्यासाठी अर्ज करायची आणि तो मिळायचा. पुढची कित्येक दशके दुसऱ्या कोणी अर्जच केला नाही. शहराचे अधिकृत बोधचिन्ह परिषद वापरत होती, छपाई शहर करून देत होते, थेट पैसेही देत होते. हे १९९२ पर्यंत चालले. चालणारे वीस हजारांपर्यंत आणि बघणारे दहा लाखांपर्यंत, एवढा हा पसारा. पण कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही, यासाठी एकही अट शहराने घातली नव्हती. माझ्या मते सगळ्या पुढच्या गोष्टींचे बीज इथे आहे.

मधल्या काळातली एक घटना विसरता येत नाही. १९७४ मध्ये फेडरल न्यायालयाने काळ्या आणि गोऱ्या मुलांना एकत्र शिकवण्यासाठी बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळांत पाठवण्याचा आदेश दिला. सप्टेंबरमध्ये साउथ बोस्टनमध्ये काळ्या मुलांच्या बसवर दगड पडले. आदेश देणारा न्यायाधीशही आयरिश वंशाचाच होता, आणि वस्तीने त्याला कधी माफ केले नाही. ‘बाहेरचे लोक येऊन आम्हाला शिकवतात’ ही भावना तेव्हा घट्ट झाली. १९९० च्या दशकात परिषदेच्या बाजूने वस्ती एवढी ठाम का उभी राहिली, याचे उत्तर बरेचसे त्यात आहे.

१९९२ मध्ये आयरिश वंशाच्या समलिंगी आणि उभयलिंगी लोकांच्या एका नव्या गटाने परेडमध्ये आपला फलक घेऊन चालायची परवानगी मागितली. परिषदेने नाकारली. राज्याच्या न्यायालयाने आदेश दिला, गट चालला, आणि काहीही विपरीत घडले नाही. पुढच्या वर्षी पुन्हा नकार, पुन्हा खटला. या वेळी आधार होता मॅसॅच्युसेट्सचा सार्वजनिक ठिकाणी भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा.

राज्यातल्या न्यायालयाचे म्हणणे सरळ होते. या परेडला निवड अशी नाहीच. काही गट आयत्या वेळी अर्ज न करताच येऊन सामील होतात. कामगार संघटना, दुकानदार, राजकारणी, चर्चवाले, खेळाडू, धर्मादाय संस्था असे सगळे एकापाठोपाठ चालतात. परिषदेने पूर्वी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेला आणि मुलांना बसने दुसऱ्या शाळांत पाठवण्याच्या विरोधातल्या गटाला नकार दिला होता खरा, पण एवढ्याने मिरवणुकीला एक ठरावीक संदेश मिळत नाही. म्हणून हा सार्वजनिक उत्सव आहे, आणि सार्वजनिक उत्सवात दार बंद करता येणार नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम केला. त्यावर परिषदेने १९९४ ची परेडच रद्द केली.

१९ जून १९९५ रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी निकाल फिरवला. मिरवणूक म्हणजे नुसते एका जागेवरून दुसऱ्या जागी चालत जाणे नसते, ती अभिव्यक्ती असते. आयोजकाने सगळ्यांना सैल हाताने आत घेतले, तरी नको असलेला फलक नाकारण्याचा त्याचा हक्क जात नाही. समलिंगी व्यक्तींना व्यक्ती म्हणून कोणी अडवले नव्हते, वाद त्यांच्या फलकाचा होता, हेही न्यायालयाने नोंदवले. सरकारने बोलणाऱ्याच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालू नयेत, हे या निकालाचे सार, आणि ते मला पटते. उद्या हाच नियम उलट बाजूच्या मोर्चाचेही रक्षण करील.

पण या निकालातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ही परेड खरोखर खासगी आहे, की शहराचा पैसा, शिक्का आणि छपाई लाभल्यामुळे तिच्यात सरकारचाही हात आहे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे उरलाच नव्हता. खालच्या न्यायालयाने तो आधीच निकालात काढला होता, कारण कोणी चालायचे हे शहर ठरवत नव्हते. गटाने पुढे तो मुद्दा रेटला नाही. म्हणजे ज्या शहराने १९४७ मध्ये एक सार्वजनिक उत्सव विनाअट देऊन टाकला, त्याच्या जबाबदारीची चर्चा शेवटच्या पायरीवर झालीच नाही. बंदोबस्त पोलिसांचा, रस्ता महापालिकेचा, आणि त्या रस्त्यावर कोण दिसेल याचा निर्णय मात्र परिषदेचा. त्या गटातली माणसे याच शहरात कर भरत होती. वीस वर्षे त्यांना फुटपाथवरून टाळ्या वाजवण्याचीच मुभा होती, आणि ही गोष्ट मला अजूनही बोचते.

पुढच्या काळात कायदा बदलला नाही, दबाव वाढत गेला. त्या वेळच्या महापौरांनी निकालानंतर परेडमध्ये चालणे सोडले आणि निवृत्त होईपर्यंत ते चालले नाहीत. युद्धविरोधी माजी सैनिकांनाही परिषदेने बाहेर ठेवले. त्यांनी २०११ पासून स्वतःची शांतता परेड काढली, पण ती मुख्य परेडच्या एक मैल मागून. दोन्हींच्या मधून रस्ता झाडणारी यंत्रे जायची, त्यामुळे मागच्यांपर्यंत पोचेतो बरीच गर्दी पांगलेली असायची. २०१४ मध्ये एका मोठ्या बिअर कंपनीने प्रायोजकत्व काढून घेतले. २०१५ मध्ये समलिंगी माजी सैनिकांच्या गटाला अखेर प्रवेश मिळाला आणि नवे महापौर त्या परेडमध्ये चालले. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरच्या सेंट पॅट्रिक्स डे परेडमध्येही त्याच वर्षी पहिल्यांदा असा गट फलकासह चालला. २०१७ मध्ये परिषदेने समलिंगींचे प्रतीक असलेल्या इंद्रधनुषी चिन्हाचे कारण देऊन नऊ विरुद्ध चार मतांनी त्या सैनिकांना पुन्हा बाहेर काढले. प्रायोजक आणि पुढारी एकामागून एक माघार घेऊ लागले, तेव्हा काही दिवसांतच निर्णय फिरवावा लागला.

परेडच्या सकाळी होणाऱ्या राजकीय न्याहारीतही हाच बदल दिसला. कॉर्न्ड बीफ (खारवलेले गोमांस) खात पुढाऱ्यांनी एकमेकांची टर उडवायची, अशी तिची रीत, आणि यजमानपद परंपरेने तिथल्या राज्य सिनेटरकडे. २०१४ मध्ये ते हैतीच्या वंशाच्या एका महिला सिनेटरकडे गेले. त्याआधी ते कोणी भूषवावे यावरून बरीच कुजबुज झाली होती.

रस्त्यावरच्या पार्टीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. जुनी आयरिश कुटुंबे महागड्या भाड्यांमुळे बाहेर गेली. त्यांच्या तीन मजली लाकडी घरांत आता नुकती नोकरी लागलेली तरुण मंडळी राहतात. परेडच्या दिवशी प्रत्येक मजल्याच्या पोर्चवर माणसे दाटीवाटीने उभी असतात, गच्चीवर स्पीकर लागतात, हातात प्लास्टिकचे पेले. रस्त्यावर उघड्यावर पिणे बेकायदा आहे, तरी पेला घेऊन पायऱ्या उतरून फुटपाथवर यायला काही सेकंद पुरतात, आणि पोलीस तो तिथेच ओतायला लावतात. करोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये परेड झाली नाही. २०२४ ची गर्दी हाताबाहेर गेल्याची तक्रार वस्तीतल्या जुन्या रहिवाशांनीच केली. म्हणून २०२५ मध्ये परेड दुपारी एकऐवजी सकाळी साडेअकराला सुरू झाली, म्हणजे पिण्याला कमी वेळ मिळेल. त्या चर्चेत पुढाकार शहराच्या अधिकाऱ्यांचा आणि पोलिसांचा होता.