शिरस्त्राणातील विद्युत्-सजावट
वेशभूषेसाठी घरी बनवलेल्या शिरस्त्राणात, म्हणजे हेल्मेटमध्ये, दिवे, आवाज आणि हलणारे भाग बसवण्याची हस्तकला. शिरस्त्राण फोम, पुठ्ठा, फायबरग्लास किंवा त्रिमितीय मुद्रणाने काढलेल्या प्लॅस्टिकचे असते. त्याची घडण हा स्वतंत्र विषय असल्याने या नोंदीत आतल्या मंडलांचाच विचार केला आहे. बाहेरून पाहणाऱ्याला चमकणारे डोळे आणि उघडणारी झडप दिसते. कारागिराचे खरे काम मात्र आतल्या चार बोटांच्या पोकळीत चालते, आणि तेथे तारांच्या शेजारी एक जिवंत चेहरा, त्याचा श्वास आणि त्याचे कान असतात.

उगम : या कलेचा आरंभ कोठून धरावा याबाबत एकमत नाही. बहुतेक लेखक रंगभूमीवरील दिव्यांपासून सुरुवात करतात. लंडनचे सॅव्हॉय नाट्यगृह १८८१ मध्ये उघडले. पूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळलेली ती पहिली सार्वजनिक इमारत मानली जाते. तेथे २५ नोव्हेंबर १८८२ रोजी गिल्बर्ट व सलिव्हन यांच्या ‘आयोलँथी’ या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला. त्यातील प्रमुख पऱ्यांच्या केसांत लहान दिवे होते आणि ते वेशात दडवलेल्या बॅटरीवर चालत. सजावटीच्या लहान दिव्यांना इंग्रजीत ‘फेअरी लाइट्स’ म्हणतात ते या प्रयोगामुळे, असेही सांगितले जाते. त्याच दशकात त्या नावाचे मेणबत्तीचे छोटे दिवेही विक्रीला होते, त्यामुळे ही व्युत्पत्ती जपूनच घ्यावी. २६ मार्च १८८३ रोजी न्यूयॉर्कमधील व्हँडरबिल्ट कुटुंबाच्या वेशनृत्यसमारंभात ॲलिस व्हँडरबिल्ट ‘विद्युत्-प्रकाश’ या वेशात आल्या होत्या. त्यांच्या हातातील मशाल पोशाखात लपवलेल्या बॅटरीवर पेटत असे, अशी नोंद बहुतेक ठिकाणी आढळते.

याहून जुना धागा पॅरिसचा आहे. ग्यूस्ताव्ह त्रूव्हे या फ्रेंच विद्युत्-तंत्रज्ञाने कादे-पिकार या जवाहिऱ्याच्या जोडीने गळपट्ट्यात खोवायच्या पिना बनवल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांपैकी मीनाकाम केलेली, हिरे जडवलेली सोन्याची एक कवटी आहे आणि तिचा काळ सुमारे १८६७ असा दिला जातो. खिशातल्या बॅटरीतून प्रवाह आला की कवटी डोळे फिरवी आणि जबडा वाजवी. समकालीन वर्णनांनुसार ही बंदिस्त बॅटरी आडवी केली की चालू होई व उभी केली की बंद. आज शिरस्त्राणात कलमापक संवेदक बसवून मान झुकताच डोळे पेटवले जातात. त्यामागची कल्पना याच जातीची आहे. कवटी, जबडा, डोळे आणि लपवलेली बॅटरी ही सारी सामग्री येथे एकत्र दिसते. म्हणून पऱ्यांच्या दिव्यांपेक्षा ही कवटी आरंभबिंदू मानणे प्रस्तुत लेखकाला अधिक सयुक्तिक वाटते. असे मानल्यास दिव्याच्या आधी गती आली असा क्रम लागतो, तर घरगुती कारागिरांकडे हाच क्रम नेमका उलटा आहे.

चाहत्यांच्या वेशभूषेचा इतिहास वेगळा आहे. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट ॲकरमन व मर्टल डग्लस भविष्यकालीन पोशाखात आले होते. ते पोशाख डग्लस यांनी शिवलेले होते. ‘कॉसप्ले’, म्हणजे वेश करून आवडते पात्र साकारणे, हा जपानी जोडशब्द नोबुयुकी ताकाहाशी यांच्या नावावर आहे. त्याचे साल १९८४ असे सर्रास दिले जाते, परंतु ‘माय ॲनिमे’ मासिकातील वापर लक्षात घेता १९८३ हे अधिक ग्राह्य दिसते. घरच्या कारागिराच्या हाती वीज खऱ्या अर्थाने आली ती आणखी नंतर. दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये दाखवला. तेजस्वी निळा एलईडी १९९० च्या दशकाच्या आरंभी आला व त्यापाठोपाठ पांढरा. आर्दुइनो हा स्वस्त मायक्रोकंट्रोलर, म्हणजे दिवे-मोटरींना हुकूम देणाऱ्या छोट्या संगणक-चिपचा, फलक २००५ मध्ये इटलीतील इव्हरेआ येथे तयार झाला.

प्रकाश : साध्या एलईडीला रोधक, म्हणजे रेझिस्टर, अनिवार्य आहे. पांढऱ्या एलईडीवर सुमारे ३.२ व्होल्ट खर्ची पडतात. पुरवठा ५ व्होल्ट व प्रवाह २० मिलिअँपिअर धरल्यास उरलेल्या १.८ व्होल्टसाठी ९० ओहम येतात आणि बाजारात मिळणारा १०० ओहमचा रोधक लावला जातो. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट पुरत असल्याने तेथे १५० ओहम लागतात. प्रत्येक दिव्याला वेगळा हुकूम देता येणाऱ्या, रंग बदलणाऱ्या पट्टीत (डब्ल्यूएस२८१२बी) प्रत्येक दिवा पूर्ण पांढरा असताना ६० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेतो, म्हणजे तीस दिव्यांना १.८ अँपिअर. सभागृहात त्याची चतुर्थांश तेजस्विताही पुरते. ही पट्टी ५ व्होल्टवर असताना संदेशाची पातळी किमान ३.५ व्होल्ट मागते. ३.३ व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर जोडल्यावर दिवे कधी नीट तर कधी वेडेवाकडे चालतात त्याचे हे नेहमीचे कारण. मध्ये पातळी वाढवणारी चिप घातली की दोष जातो.

विद्युत्-दीप्त तार (ईएल वायर), म्हणजे वीज दिली की सबंध लांबीभर उजळणारी तार, वाकवायला सोपी आणि दिसायला सुरेख असते. तिला शंभर व्होल्टच्या आसपासचा प्रत्यावर्ती (एसी) दाब देणारा इन्व्हर्टर मात्र बारीक किणकिण आवाज करतो. कानाजवळ व माइकजवळ ती किणकिण सहन होत नाही, म्हणून इन्व्हर्टर कमरेला न्यावा लागतो.

डोळ्यांतल्या दिव्यांचा प्रकाश आत फुटला की घालणाऱ्याला समोरचे काही दिसत नाही. त्यासाठी आतली बाजू चकाकी नसलेल्या काळ्या रंगाने रंगवतात, दिवे कडेला बाहेरच्या दिशेने बसवतात आणि पुढे दुधी ॲक्रिलिक किंवा पातळ पांढरा फोम लावतात.

ध्वनी : दोन प्रकार आहेत. पहिल्यात आधीच साठवलेले आवाज वाजवायचे असतात. त्यासाठी मेमरी कार्ड वाचणारे डीएफप्लेअर मिनी हे मॉड्यूल सर्वाधिक वापरले जाते. मायक्रोकंट्रोलरकडून त्याकडे जाणाऱ्या तारेत १ किलोओहम रोधक घातला नाही तर स्पीकरमधून गुणगुण येते. दुसऱ्या प्रकारात घालणाऱ्याचाच आवाज मोठा किंवा विकृत करून बाहेर सोडला जातो, आणि हा फार अवघड आहे. माइक व स्पीकर एकाच पोकळ कवचात असल्याने स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो व शिट्टी सुरू होते. उपाय जागेत आहे, चिपमध्ये नाही. स्पीकर हनुवटीपाशी बाहेर तोंड करून किंवा थेट छातीवर, माइक ओठांच्या अगदी जवळ आणि दोहोंच्या मध्ये फोम ठेवला की ध्वनिवर्धन बरेच वाढवता येते. स्पीकरच्या पाठीला लहान बंद वाटी नसेल तर पुढच्या-मागच्या ध्वनिलहरी एकमेकींना खोडतात आणि खर्ज नाहीसा होतो. आवाज बारीक येतो अशी तक्रार असलेल्यांनी आधी ही वाटी तपासावी.

गती : व्हायझर, म्हणजे चेहऱ्यावरची झडप, उचलणे हे सर्वांत लोकप्रिय आणि सर्वाधिक फसणारे काम. त्यामागचे गणित सोपे आहे, पण ते आधी करण्याची सवय नसते. झडपेचे वजन १५० ग्रॅम आणि तिचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून १२ सेंमी. दूर असेल, तर ती आडवी असताना लागणारे परिबल, म्हणजे फिरवण्याचा जोर, ०.१५ × १२ = १.८ किग्रॅ.-सेंमी. होते. नऊ ग्रॅमच्या छोट्या सर्व्हो मोटरचे (सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणारी मोटर) ४.८ व्होल्टवरचे कमाल परिबल जवळपास तेवढेच असते, म्हणजे ती झडप जेमतेम तोलेल, उचलणार नाही. म्हणून धातूच्या दंतचक्रांच्या दोन सर्व्हो, किंवा भार पेलणारी स्प्रिंग, किंवा बिजागरीच्या मागे प्रतिभार योजतात. यांत स्प्रिंग श्रेयस्कर, कारण तिला वीज लागत नाही.

दोन्ही कानशिलांवर समोरासमोर बसवलेल्या सर्व्हो एकमेकींच्या उलट फिरतात. सर्व्होला दर २० मिलिसेकंदांनी साधारण १ ते २ मिलिसेकंदांचे स्पंद दिले जातात व स्पंदाच्या लांबीवर कोन ठरतो. दोघींना तोच स्पंद गेला तर त्या झडपेलाच पिळतात. तेव्हा एकीला १८० अंशांतून तो कोन वजा करून येणारा कोन द्यावा लागतो. झडप टोकाला पोहोचल्यावर स्पंद थांबवून तिला लहान चुंबकांवर टेकवले की सर्व्होची घरघर बंद होते आणि बॅटरीही वाचते.

जबड्याला मात्र बहुधा मोटर नकोच. बिजागरीवरचा सैल जबडा हनुवटीला पट्ट्याने बांधला की तो बोलण्याबरोबर हलतो, आणि ओठांच्या हालचालीशी इतका मेळ कोणतीही सर्व्हो साधत नाही.

वीजपुरवठा : सर्व्हो अडकली की ती अर्ध्या अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते. त्या क्षणी दाब कोसळतो, मायक्रोकंट्रोलर पुन्हा सुरू होतो आणि प्रेक्षकांसमोर डोळे विझतात. मोटरला वेगळी वाट, दोन्ही वाटांना सामाईक भूतार (ग्राउंड) आणि मोटरजवळ १००० मायक्रोफॅराडचे धारित्र (कपॅसिटर) हा उपचार रूढ आहे. पॉवर बँक सोयीची असते, परंतु प्रवाह फार कमी असेल तर ती आपोआप बंद पडते. लिथियम-पॉलिमर बॅटरी चेहऱ्याजवळ ठेवू नये. ती कमरेला बांधून, वाटेत फ्यूज घालून, एका झटक्यात सुटणाऱ्या जोडणीने तार वर आणावी. डोक्यावरचे वजनही त्यामुळे घटते.

श्वासाच्या बाष्पाने काच धुरकटते. ५ व्होल्टचा छोटा पंखा बाहेरची हवा आत ओढेल अशा बेताने कपाळापाशी लावतात. त्याचा आवाज माइकमध्ये जातो, म्हणून बोलताना तो मंद करणारी योजना काही जण करतात.

सुरक्षा : सेकंदाला तीनपेक्षा अधिक लखलखाट टाळावेत, कारण प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्यांना त्याने झटका येऊ शकतो. पीएलए प्लॅस्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते, तेव्हा उन्हात बंद मोटारीत शिरस्त्राण ठेवू नये. घरगुती शिरस्त्राण डोक्याचे रक्षण करत नाही. वाहन चालवतानाच्या खऱ्या शिरस्त्राणाला भोके पाडून दिवे बसवल्यास त्याच्या कवचाचे बळ कमी होते, म्हणून या कामासाठी ते वापरू नये.